दोन बरण्या

माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो असं सासूबाई म्हणतात, आणि ते खरं आहे. पण त्या बरण्यांच्या बाबतीत माझा राग नाकावर नव्हताच. तो तळपायातून निघाला, मस्तकात गेला आणि अजून उतरलेला नाही. तेव्हा ही हकीकत मी शांतपणे सांगेन अशी अपेक्षा कोणी ठेवू नये.

आमचं दुकान म्हणजे नुसतं एक काउंटर. मोठ्या इमारतीच्या तळमजल्यावर, फिरत्या दरवाज्यातून आत आलं की डाव्या हाताला. वर सगळी ऑफिसं. गळ्यात ओळखपत्राच्या फिती लटकवलेली माणसं सकाळी रांग लावतात, कॉफी आणि एखादा बन घेतात आणि लिफ्टकडे पळतात. मशीनवर मी आणि गल्ल्यावर माझी धाकटी जाऊ. मशीन भिंतीला टेकवून ठेवलेलं. म्हणजे कॉफी करणारीचं तोंड भिंतीकडे आणि पाठ गिऱ्हाइकाकडे. दाणे दळा, दाबा, वाफेच्या नळीखाली दुधाचं भांडं धरा, चोथा ठोकून काढा, कपावर झाकण बसवा आणि मागे न बघता कप सरकवा. गिऱ्हाईक बघतं ते पैसे घेणारीकडे. माझी त्यांना ओळख म्हणजे अंबाडा आणि एप्रनची गाठ.

धाकटीला तिथे आणली मीच. लग्न होऊन घरात आली तेव्हा इतकं हळू बोलायची की सासूबाई तिला दोनदोनदा विचारायच्या, "काय म्हणालीस?" माझा दीर वाईट माणूस नाही, पण बायकोचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडलं की त्याच्या पोटात दुखतं. "हिला काय जमणार?" हे त्याचं पालुपद. भाजीचा बेत असो नाहीतर पोस्टाचं काम, हिला काय जमणार. ऐकून ऐकून माझं डोकं उठलं. शेवटी मी त्याच्याशी भांडले, सासूबाईंना माझ्या बाजूला ओढलं आणि हिला एप्रन बांधून काउंटरवर उभी केली. दिराने जाता जाता एक अट घातलीच. "ही नोकरी गेली की दुसरी शोधायची नाही. मग गपचूप घरी." सगळ्यांसमोर ठरलं. तिने मान डोलावली, कारण दार उघडतंय हेच तेव्हा पुष्कळ होतं.

आणि काय खुलली ती! महिनाभरात रांगेतल्या निम्म्या लोकांची कॉफी तिला पाठ झाली. कोणाच्या मुलाला ताप आहे, कोणाची बदली झाली आहे, सगळं विचारायची. घरी येऊन दिराला उलट बोलायलासुद्धा लागली. पहिल्यांदा बोलली तेव्हा मी भाकऱ्या थापत होते, आणि मला इतका आनंद झाला की हातातली भाकरी तव्यावर वाकडी पडली.

माझ्या नवऱ्याची कंबर गेल्यापासून घरभाडं माझ्या पगारातून जातं. म्हणजे बघा, माझी नोकरी गेली तर घर जाणार, आणि तिची गेली तर ती स्वतः जाणार, परत त्या स्वयंपाकघरात, परत त्या हळू आवाजात. हे दुकानाच्या मालकाला ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही. मीच सांगितलं होतं त्याला.

काउंटरवर पहिल्यापासून एक बरणी असायची, बक्षिसीची. साधी काचेची, झाकण हरवलेली. बक्षिसी देणं हा एक विचित्र प्रकार आहे. टेबलावर आणून वाढणाऱ्याला माणसं देतात ते समजतं, पण उभ्या उभ्या कप उचलून नेणाऱ्याने द्यावी की न द्यावी, हे कोणालाच धड ठाऊक नसतं. मग ती बरणीकडे बघतात. रिकामी दिसली की कोणी टाकत नाही, चारआठ नाणी दिसली की टाकतात. म्हणून सकाळी आम्ही दोघी आपापल्या पाकिटातलं एकेक नाणं आधी आत टाकायचो. विरजण म्हणायची धाकटी त्याला. संध्याकाळी जे जमेल ते अर्धं अर्धं, आणि बहुतेकदा वाटणीसुद्धा करायचो नाही. घरी जाताना त्यातून भाजी घ्यायचो, उरलंच तर सासूबाईंसाठी केळी. एकाच घरात तर जायचं होतं.

आमचा मालक माझ्यापेक्षा वयाने लहान. पाठीमागे आम्ही त्याला कल्पक म्हणायचो, कारण दर आठवड्याला त्याला एक कल्पना सुचायची आणि ती निस्तरायची आम्ही. "आपण सगळे एक कुटुंब आहोत" हे वाक्य तो इतक्या वेळा म्हणायचा की मला कुटुंब या शब्दाचीच शिसारी यायला लागली होती. माझं कुटुंब मला ठाऊक आहे. त्यातल्या कोणी अजून माझी सुट्टी कापलेली नाही.

एका सोमवारी तो दोन नव्या बरण्या घेऊन आला. उंच, गोल, चकचकीत. एकीवर चिठ्ठी होती 'गोड', दुसरीवर 'कडक'. गोडवर धाकटीचा फोटो, हसरा. कडकवर माझा, आणि तो कधी काढला कोण जाणे, त्यात मी दुधाच्या भांड्याकडे असं बघत होते की दूध फाटावं.

"हे काय?" मी विचारलं.

"गंमत, ताई! गिऱ्हाइकांनी आपल्या आवडीच्या बरणीत टाकायचं. चुरस लागली की हात सुटतात लोकांचे. बघाच तुम्ही."

"आमचा फोटो लावायच्या आधी विचारायचं असतं."

"अहो, घरच्या माणसांना काय विचारायचं?" असं म्हणून तो हसला.

वाईट याचं वाटलं की त्याचं म्हणणं खरं ठरलं. लोक तुटून पडले. कधी छदाम न देणारेसुद्धा हसत हसत नाणं टाकायला लागले. "मी गोडवाला", "आज आमचं मत कडकला", असं चालायचं. निळ्या फितीची एक बाई रोज यायची, कोमट दुधाची कॉफी घ्यायची, ती तर नाणं टाकताना धाकटीच्या गालाला हात लावायची बाकी ठेवायची. आम्ही दोघी हसण्यावारी नेत होतो, कारण संध्याकाळी दोन्ही बरण्या एकाच पिशवीत रिकाम्या व्हायच्या. गोडची बरणी दुप्पट भरायची हे उघडच होतं. मी भिंतीकडे तोंड करून उभी होते! पाठीला कोण बक्षिसी देतं?

मग सुट्ट्यांचे दिवस आले. ऑफिसं ओस पडायला लागली, रांग आखूड झाली. कल्पक एका दुपारी आला, बनच्या ट्रेकडे बघत राहिला आणि म्हणाला, "दोघींना ठेवणं आता परवडत नाही. एकीलाच ठेवावं लागेल. पण मला निवड करायची नाही. मला तुम्ही दोघी सारख्याच. आपण बरण्यांवर सोडू. तोवर त्या रिकाम्या करायच्या नाहीत. शुक्रवारी जिची बरणी जास्त भरलेली, ती राहील. गिऱ्हाइकांनाच ठरवू दे."

माझ्या हातात वाफेची नळी होती. देवाने त्या क्षणी मला अक्कल दिली म्हणून ती मी मशीनकडेच धरून ठेवली.

"तुम्हाला लाज वाटते का?" मी म्हणाले.

"ताई, हे बघा, मी हेच म्हणतो. हा तुमचा स्वभाव. म्हणून तर कडक." आणि निघून गेला.

घरी आम्ही कोणाला काही बोललो नाही. जेवताना दिराने दोनदा विचारलं, "आज दोघी मुक्या का?" धाकटीने त्याच्या ताटात आणखी भात वाढला. भांडी घासताना मी तिला म्हणाले, "हे बघ, तुझीच बरणी भरणार. तू राहा. मी दुसरीकडे बघेन काहीतरी."

"या दिवसांत कोण घेणार तुम्हाला? आणि भाडं?"

"ते मी बघेन म्हटलं ना."

ती भांडं विसळत राहिली. ती गप्प बसली की समजावं, मनात काहीतरी शिजतंय.

दुसऱ्या दिवशी मी दुधाचं भांडं धुवायला वळले तर ही गोडच्या बरणीतून मूठ भरून कडकच्या बरणीत टाकते आहे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "भीक घालतेस मला?"

"मग काय तुम्हाला घालवू?"

"तुला घालवायला आणलं का इथे मी?"

समोर गिऱ्हाईक उभं होतं म्हणून आम्ही दातांतल्या दातांत भांडलो. ती गेली बन आणायला आणि मी मूठ भरून तिकडचं इकडे केलं. मी गेले दूध आणायला, तिने इकडचं तिकडे केलं. दोन दिवस हाच धंदा. एकमेकींवर डोळा ठेवून, एकमेकींना शिव्या घालत. तिसऱ्या दिवशी दोन्ही बरण्या अगदी बरोबरीने भरलेल्या, आणि आम्हाला त्यात हसू आलं. मी म्हटलं, असंच ठेवू. दोन्ही सारख्या. बघू काय करतो तो.

त्याने काय करावं? वरच्या कॅमेऱ्यात सगळं बघितलं होतं त्याने. आला, दोन्ही बरण्या रिकाम्या करून पैसे आमच्या हातात ठेवले आणि पिशवीतून दोन झाकणं काढली. झाकणाला चीर पाडलेली, कडेने चिकटपट्टी. "आता हात लावायचा नाही," म्हणाला. "प्रामाणिकपणे होऊ दे." प्रामाणिकपणे! ज्याने माझ्या पोटावर शर्यत लावली त्याने मला प्रामाणिकपणा शिकवावा!

शुक्रवारी सकाळी धाकटी नीट वेणी घालून आली. दोन्ही झाकणांच्या चिरेतून तिने एकेक नाणं टाकलं, विरजण. रांग सुरू झाली आणि नेहमीप्रमाणे गोडमध्ये खणखण सुरू झाली. मी भिंतीकडे तोंड करून कप भरत होते. माझ्याच बाजूने सगळं चाललं होतं खरं तर, कारण मला तीच राहायला हवी होती. तोंड बंद ठेवलं असतं तर काम झालं असतं. पण मागून निळ्या फितीची बाई लाडात म्हणाली, "आज कोण जिंकतंय गं?" आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली.

मी मशीन बंद केलं आणि वळले. इतक्या वर्षांत रांगेने माझं तोंड पहिल्यांदाच धड पाहिलं असेल.

"कोण जिंकतंय ते मी सांगते," मी म्हणाले. "ही गंमत नाही. आज संध्याकाळी जिची बरणी कमी भरेल तिला घरी पाठवणार आहेत. नोकरी जाणार. माझ्या पगारावर घरभाडं आहे, नवरा कंबर धरून पडला आहे. हिची नोकरी गेली तर हिला पुन्हा कोणी घराबाहेर पडू देणार नाही. आणि तुम्ही उभ्या उभ्या हसत हसत ठरवता आहात, आमच्यापैकी कोण जगणार. कॉफी घ्या आणि जा. एक नाणं टाकू नका कोणी. कुठेच टाकू नका!"

धाकटीने माझा हात घट्ट धरला. मला वाटलं, संपला खेळ. आता लोक चिडतील, कल्पकला जाब विचारतील, बरण्या उचलून फेकतील. काय मूर्ख होते मी.

निळ्या फितीच्या बाईचे डोळे भरून आले. "बापरे," ती म्हणाली. "किती वाईट. आम्हाला काय माहीत." तिने पर्स उघडली, नोट काढली, घडी केली आणि माझ्या बरणीत घातली. कडकमध्ये.

"अहो नको! मी काय म्हणाले?"

"असू दे, असू दे," ती म्हणाली, आणि माझ्या मनगटावर थोपटलं.

मग तिच्यामागचा. मग त्याच्या मागचा. नवरा कंबर धरून पडला आहे एवढंच ऐकलं होतं त्यांनी. उरलेलं अर्धं वाक्य कोणाच्या कानात शिरलंच नव्हतं. मी चिरेवर हात ठेवला तर हाताखालून नोटा सरकवल्या. "स्वाभिमानी आहेत," कोणीतरी कोणालातरी सांगितलं. मी ओरडले, "अहो, हिच्या बरणीत तरी टाका!" तर एक जण म्हणाला, "मन मोठं आहे तुमचं," आणि आणखी एक नोट माझ्याच बरणीत. रांगेतले लोक फोन करून वरच्यांना खाली बोलवायला लागले. आयुष्यात मला इतकं प्रेम कोणी दिलं नव्हतं आणि मला त्या एकेकाच्या कानाखाली वाजवावीशी वाटत होती.

आणि धाकटी गल्ल्यावर उभी होती. तिचं कामच ते. पैसे घ्यायचे, उरलेले परत द्यायचे. ती मोजून सुटे पैसे लोकांच्या हातात ठेवत होती, आणि तेच सुटे तिच्या डोळ्यांदेखत माझ्या बरणीत जात होते. एकदाही तिचा हात थांबला नाही. फक्त "थँक्यू" म्हणायची तेव्हा आवाज हळूहळू खाली जात होता. दुपारपर्यंत इतका खाली गेला की एकाने तिला विचारलं, "काय म्हणालात?"



संध्याकाळी कल्पक आला. त्याला कळलं होतंच. मला वाटलं होतं, चारचौघांत अब्रू काढली म्हणून मलाच हाकलेल, आणि बरंच होईल. पण तो खूश होता. "ताई, मानलं! आजच्याइतका गल्ला सबंध महिन्यात नाही झाला." मग चेहरा गंभीर करून धाकटीकडे वळला. "वाईट वाटतं. पण बघ, मी काहीच केलं नाही. गिऱ्हाइकांनीच ठरवलं."

"मी जाते," मी म्हणाले. एप्रन सोडलासुद्धा. "हिला ठेवा. मशीन येतं हिला, मी शिकवलं आहे."

त्याने खांदे उडवले. "तुमचं तुम्ही ठरवा. मला एकच पगार द्यायचा आहे."

धाकटीने माझा एप्रन उचलला. माझ्यामागे आली आणि गाठ बांधायला लागली. मी हिसडा दिला तरी सोडेना. "गप्प उभ्या राहा, ताई," ती म्हणाली. "घर गेलं तर मी घरी तरी कुठे बसू?" गाठ घट्ट बांधली, आणि मग स्वतःचा एप्रन काढून घडी करून काउंटरवर ठेवला.

रस्त्यात आम्ही भाजी घेतली नाही. पिशवीत एवढे पैसे होते, आणि दोघींपैकी एकीलाही त्यात हात घालवेना. दिराला सांगितलं तेव्हा तो जेवत होता. "बरं झालं," म्हणाला. "घरात माणूस हवंच होतं. आणि हिला काय जमणार होतं?" मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. सासूबाई मधे पडल्या नाहीत, उलट त्यांनी त्याच्यापुढची भाजी उचलून नेली. पण ठरलेलं ते ठरलेलं होतं. धाकटी आत भांडी घासत होती आणि आवाज फक्त भांड्यांचा येत होता. तिची नोकरी मी मिळवून दिली आणि माझ्याच तोंडाने घालवली. माझ्या जिभेला एक दिवस लगाम लागला असता तर त्या भांड्यांपाशी मी असते, आणि मला ते चाललं असतं.

सोमवारी मी एकटीच. मशीनही मी, गल्लाही मी. भिंतीकडे वळायचं, गिऱ्हाइकाकडे वळायचं, परत भिंतीकडे. कल्पकने एकच बरणी ठेवली होती, कडकची, माझ्या फोटोची. मी सकाळी विरजण घातलं नाही. फोटो फाडला, चिकटपट्टीचे डाग तसेच राहिले.

निळ्या फितीची बाई आली. मला बघून तिचा चेहरा फुलला, आपण काहीतरी छान केलं आहे असा. "तुम्ही राहिलात! मी घरी सगळ्यांना सांगितलं." कॉफी घेतली, झाकण दाबून बघितलं. मग इकडेतिकडे पाहिलं. "आणि ती गोड मुलगी? ती आज नाही का?" विचारता विचारता तिने रिकाम्या बरणीत एक नाणं टाकलं.

मी बरणी उलटी केली. नाणं काढलं, तिचा हात धरला आणि तळव्यावर ठेवलं. मग तिची बोटं एकेक करून मिटवली.

"तिला तुम्हीच पाठवलंत ना घरी," मी म्हणाले. "पुढचे या."